साठ शब्दांचा ठराव, वीस वर्षांचे युद्ध : ९/११ नंतर अफगाणिस्तानात सैन्य पाठवणे योग्य होते का?

१/
१४ सप्टेंबर २००१ ची रात्र. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात एका ठरावावर मतदान झाले. बाजूने ४२०, विरोधात १. त्याच दिवशी सिनेटने हाच ठराव ९८ विरुद्ध ० अशा मतांनी संमत केला होता. दोन्ही सभागृहांत मिळून विरोधाचे मत एकच पडले. ते कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या प्रतिनिधी बार्बरा ली यांचे होते. या ठरावाने राष्ट्राध्यक्षांना दहशतवादी हल्ल्याला लष्करी उत्तर देण्याचा अधिकार दिला. त्यातून सुरू झालेले युद्ध वीस वर्षे चालले.

२/
दहशतवादी हल्ल्याला परदेशात सैन्य पाठवून उत्तर द्यावे का, हा प्रश्न २००१ नंतर जगभर चर्चिला गेला. या चर्चेत बहुधा दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, गप्प बसणे म्हणजे पुढच्या हल्ल्याला आमंत्रण. दुसरी म्हणते, युद्धाने दहशतवाद संपत नाही, वाढतो. अफगाणिस्तानचा इतिहास तारखांनुसार उलगडला तर दोन्ही बाजूंना आधार सापडतो. त्याहून महत्त्वाची गोष्टही हाती लागते. तो निर्णय एकदाच झालेला नव्हता. हा धागा त्या निर्णयांचा आहे.

३/
आधी घटना. ११ सप्टेंबर २००१ रोजी अल-कायदाच्या १९ जणांनी चार प्रवासी विमानांचे अपहरण केले. दोन विमाने न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आणि एक पेंटागॉनवर आदळवण्यात आले. चौथ्या विमानातील प्रवाशांनी प्रतिकार केला आणि ते पेनसिल्व्हेनियातील एका शेतात कोसळले. अपहरणकर्ते वगळता २,९७७ माणसे मृत्युमुखी पडली. ठरावावर मतदान झाले तेव्हा ढिगाऱ्याखाली शोध सुरूच होता. सभागृहातील सदस्य कोणत्या मनःस्थितीत हात उंचावत होते, हे विसरून त्यांच्या निर्णयाचा न्याय करणे अन्यायाचे होईल.

४/
ठरावाचा गाभा इंग्रजीत अवघ्या साठ शब्दांचा आहे. ज्या राष्ट्रांनी, संघटनांनी वा व्यक्तींनी हा हल्ला योजला, घडवला, त्याला साहाय्य केले अथवा हल्लेखोरांना आश्रय दिला, असे राष्ट्राध्यक्ष ठरवतील, त्यांच्याविरुद्ध आवश्यक व योग्य ते सर्व बळ वापरण्याचा अधिकार त्याने राष्ट्राध्यक्षांना दिला. व्हाइट हाउसच्या मूळ मसुद्यात भविष्यातील कोणताही दहशतवाद वा आक्रमण रोखण्याचा याहून व्यापक अधिकार मागितला होता. तो भाग संसदेने वगळला. तरीही दोन गोष्टी राहून गेल्या. ठरावात कोणत्याही देशाचे नाव नव्हते आणि त्याला मुदतही नव्हती.

५/
ली यांचा आक्षेप नेमका इथे होता. त्या दिवशी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये मृतांसाठी प्रार्थनासभा झाली. ज्या दुष्टपणाचा आपण धिक्कार करतो तेच आपण कृती करताना होऊ नये, अशा आशयाची प्रार्थना तेथील धर्मगुरूंनी केली. ली यांनी आपल्या छोट्या भाषणात ते शब्द उद्धृत केले. स्पष्ट लक्ष्य नाही आणि बाहेर पडण्याचा मार्ग ठरलेला नाही, अशा अमर्याद युद्धात देशाने उतरू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हल्लेखोरांना सोडून द्यावे असे त्या म्हणाल्या नव्हत्या.

६/
आपली भूमिका मांडताना त्यांनी १९६४ चा दाखला दिला. त्या वर्षी टोंकिनच्या आखातातील घटनेनंतर संसदेने राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना असाच व्यापक अधिकार दिला होता. त्याच आधारावर व्हिएतनाम युद्ध वाढत गेले. तेव्हा सिनेटमध्ये विरोधात दोन मते होती, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग यांची. २००१ मध्ये ली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि पोलीस संरक्षण घ्यावे लागले. त्यांच्या कार्यालयातील एका वरिष्ठ सहकाऱ्याची नातलग पेनसिल्व्हेनियात कोसळलेल्या विमानात होती. त्यांचे मत दुःखाशी अपरिचित असलेल्या व्यक्तीचे नव्हते.

७/
आता दुसरी बाजू, आणि ती दुबळी नाही. ओसामा बिन लादेन १९९६ मध्ये सुदान सोडून अफगाणिस्तानात आला. ७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले. २२४ जण ठार झाले. त्यांत बहुसंख्य आफ्रिकी नागरिक होते. १५ ऑक्टोबर १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्र. १२६७ द्वारे तालिबानकडे बिन लादेनला स्वाधीन करण्याची मागणी केली. ती मान्य न झाल्याने निर्बंध लागू झाले. ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात अमेरिकी युद्धनौका 'कोल'वर हल्ला झाला. १७ नौसैनिक मरण पावले.

८/
म्हणजे २००१ पूर्वी सौम्य उपाय झालेच नव्हते, असे नाही. मागणी झाली होती, निर्बंध झाले होते. मर्यादित लष्करी प्रहारही झाला होता. २० ऑगस्ट १९९८ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी खोस्तजवळील प्रशिक्षणतळांवर आणि सुदानमधील अल-शिफा औषध कारखान्यावर क्रूझ क्षेपणास्त्रे डागली. बिन लादेन वाचला. कारखान्यात रासायनिक शस्त्रांचे घटक बनत असल्याच्या दाव्यावर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या. दुरून केलेला प्रहार कुचकामी ठरला, हा अनुभव २००१ च्या निर्णयकर्त्यांच्या मनात ताजा होता.

९/
कायद्याच्या दृष्टीने काय? यासाठी १८३७ मध्ये जावे लागते. कॅनडातील बंडखोरांना नायगारा नदीतून 'कॅरोलाइन' नावाची अमेरिकी आगबोट रसद पुरवत होती. ब्रिटिश बाजूच्या तुकडीने रात्री नदी ओलांडून अमेरिकी किनाऱ्यावरची ती बोट पेटवली. अमेरिकेने तीव्र निषेध केला. पुढे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी निकष मांडला : परक्या भूमीवरील अशी कृती तेव्हाच क्षम्य ठरते, जेव्हा स्वसंरक्षणाची निकड तातडीची असते, दुसरा मार्ग उरलेला नसतो आणि कृती त्या निकडीपुरतीच मर्यादित राहते. हा निकष अमेरिकेने मांडला तो स्वतः हल्ला सोसलेला पक्ष म्हणून.

१०/
१२ सप्टेंबर २००१ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्र. १३६८ मध्ये स्वसंरक्षणाच्या नैसर्गिक अधिकाराला मान्यता दिली. नाटोने आपल्या इतिहासात प्रथमच कलम ५ चा आधार घेतला. एका सदस्यावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला, असे ते कलम सांगते. मात्र अफगाणिस्तानवर बळ वापरण्यास परवानगी देणारे थेट वाक्य १३६८ मध्ये नव्हते. समर्थकांच्या मते अधिकाराची मान्यता पुरेशी होती. टीकाकारांच्या मते अधिकार मान्य करणे आणि कारवाईला हुकूम देणे या दोन भिन्न गोष्टी होत्या.

११/
२० सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी तालिबानपुढे मागण्या ठेवल्या : अल-कायदाचे नेते स्वाधीन करा, तळ बंद करा, तपासणीस मुभा द्या. वाटाघाटी होणार नाहीत, हेही स्पष्ट केले. काबूलमधील उलेमांच्या सभेने बिन लादेनने स्वेच्छेने देश सोडावा अशी शिफारस केली. इस्लामाबादमधील तालिबानचे राजदूत अब्दुल सलाम झईफ पुरावे मागत राहिले. बॉम्बफेक सुरू झाल्यावर तालिबानने त्याला तिसऱ्या देशाच्या ताब्यात देण्याची तयारी सशर्त दर्शवली. बुश यांनी ती फेटाळली. ती तयारी खरी होती की वेळकाढूपणा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

१२/
अनेक विचारवंतांनी या युद्धाला न्याय्य मानले. न्याय्य युद्धाच्या सिद्धान्ताचे अभ्यासक मायकेल वॉल्झर त्यांत होते. आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड फॉक यांचे मत अधिक लक्षणीय ठरते. व्हिएतनाम युद्धाचे ते कडवे विरोधक होते. तरी ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांनी हे दुसऱ्या महायुद्धानंतरचे पहिले खऱ्या अर्थाने न्याय्य युद्ध असल्याचे लिहिले. सोबत इशाराही दिला : साधने अनुचित झाली किंवा उद्दिष्टे अवाजवी वाढली, तर मूळ कारणाचा न्याय नाहीसा होईल.

१३/
विरोधात ब्रिटिश लष्करी इतिहासकार मायकेल हॉवर्ड उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात लढलेला हा माणूस शांततावादी म्हणता येणार नाही. ३० ऑक्टोबर २००१ च्या व्याख्यानात त्यांनी 'युद्ध' हा शब्द वापरणे हीच भयंकर चूक असल्याचे प्रतिपादन केले. युद्ध म्हटले की शत्रूला सैनिकाचा दर्जा व प्रतिष्ठा मिळते आणि जनता झटपट, नेत्रदीपक विजयाची वाट पाहू लागते. त्यांना हवी होती संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली, गुन्हेगारी कटाविरुद्ध केलेली पोलिसी स्वरूपाची कारवाई. तिचा शेवट आंतरराष्ट्रीय न्यायालयात व्हायला हवा होता.

१४/
असा मार्ग प्रत्यक्षात शक्य होता का? लिबियाचे उदाहरण बोलके आहे. ५ एप्रिल १९८६ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये अमेरिकी सैनिकांच्या वावरातील नृत्यगृहात बॉम्ब फुटला. दहा दिवसांनी अमेरिकी विमानांनी त्रिपोली व बेनगाझीवर बॉम्बफेक केली. गद्दाफी वाचला. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन ॲमचे विमान उद्ध्वस्त झाले. विमानातील आणि जमिनीवरील मिळून २७० जण मेले. तपास लिबियापर्यंत पोहोचला. बॉम्बफेकीने जो धाक बसेल असे वाटले होते, तो बसलेला नव्हता.

१५/
लॉकरबीनंतर मात्र मार्ग बदलला. पुराव्यांची जुळवाजुळव, आरोपपत्र, १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आणि दीर्घ वाटाघाटी. १९९९ मध्ये लिबियाने दोन संशयित स्वाधीन केले. नेदरलँड्समधील कँप झाइस्ट येथे स्कॉटिश कायद्यानुसार खटला चालला. ३१ जानेवारी २००१ रोजी एकाला जन्मठेप झाली आणि दुसरा सुटला. हा निकाल ९/११ च्या साडेसात महिने आधीचा आहे. म्हणजे मार्ग होता, पण त्याला बारा वर्षे लागली. बारा वर्षे थांबा, असे सप्टेंबर २००१ मध्ये कोणता नेता आपल्या जनतेला सांगू शकला असता?

१६/
शिवाय लिबिया आणि तालिबान यांत अंतर होते. गद्दाफीला तेल विकायचे होते. निर्बंध त्याला बोचत होते. तालिबानी राजवटीला तीनच देशांची मान्यता होती : पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. गमावण्यासारखे तिच्याकडे फार थोडे होते आणि अल-कायदाचे सशस्त्र तळ तिच्या छायेत उभे होते. ते तळ केवळ आरोपपत्राने बंद झाले नसते. म्हणून ऑक्टोबर २००१ ची कारवाई, तळ मोडणे व नेतृत्व पकडणे या मर्यादेत, समर्थनीय ठरवता येते. प्रश्न त्यापुढचा आहे.

१७/
७ ऑक्टोबरला हवाई हल्ले सुरू झाले. जमिनीवर लढणारे मुख्यतः उत्तर आघाडीचे अफगाण सैनिक होते. त्यांचा नेता अहमद शाह मसूद याची अल-कायदाने पत्रकारांच्या वेशातील मारेकरी पाठवून ९/११ च्या दोनच दिवस आधी हत्या केली होती. ९ नोव्हेंबरला मझार-ए-शरीफ पडले, १३ नोव्हेंबरला काबूल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंदाहारही तालिबानच्या हातून गेले. दोन महिन्यांत राजवट कोसळली. अल-कायदाचे प्रशिक्षणतळ उद्ध्वस्त झाले. तेव्हा जगभर हा अपूर्व विजय मानला गेला.

१८/
त्याच डिसेंबरमध्ये तीन गोष्टी घडल्या. जर्मनीतील बॉन येथे ५ डिसेंबरला नव्या अफगाण शासनाचा करार झाला. त्यात तालिबानला स्थान नव्हते. कंदाहारजवळ तालिबानी नेत्यांनी हमीद करझाई यांच्याशी शरणागतीची बोलणी केली. पण मुल्ला ओमरला सन्मानाने राहू देणारी तडजोड मान्य नाही, असे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी जाहीर केले. आणि तोरा बोराच्या डोंगरांतून बिन लादेन पाकिस्तानात निसटला. अमेरिकेने तिथे पुरेसे सैन्य उतरवले नव्हते, असा निष्कर्ष सिनेटच्या समितीने २००९ मध्ये काढला.

१९/
म्हणजे ज्याला पकडायचे तो सुटला आणि जे शरण येत होते त्यांच्यासाठी दार बंद झाले. बॉन परिषदेचे सूत्रधार, संयुक्त राष्ट्रांचे लख्दर ब्राहिमी यांनी पुढे तालिबानला वगळणे ही चूक असल्याचे मान्य केले. याच वळणावर युद्धाचे उद्दिष्ट पालटले. तळ मोडण्यासाठी आलेले सैन्य आता नवे राज्य उभे करण्यासाठी थांबले. हे उद्दिष्ट वाईट नव्हते. पण त्यावर कधी स्वतंत्र मतदान झाले नाही. साठ शब्दांच्या ठरावात मुदत नव्हती, त्यामुळे पुन्हा विचारण्याची गरजच कोणाला भासली नाही.

२०/
मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केले. ९/११ शी इराकचा संबंध सिद्ध झाला नव्हता. त्यासाठी २००२ मध्ये वेगळा ठराव घेण्यात आला. सैन्य, हेरयंत्रणा आणि लक्ष तिकडे वळले. १ मे २००३ रोजी रम्सफेल्ड यांनी काबूलमध्ये मोठी लढाई संपल्याचे सांगितले. २००६ पर्यंत दक्षिण अफगाणिस्तानात तालिबान पुन्हा लढत होते. पुढे बराक ओबामांच्या काळात अमेरिकी सैन्य एक लाखाच्या घरात गेले. दरम्यान माद्रिदमध्ये २००४ साली आणि लंडनमध्ये २००५ साली रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले.

२१/
या वीस वर्षांत काहीच मिळाले नाही, असे म्हणणे अफगाण माणसांवर अन्याय करणारे आहे. लाखो मुली शाळेत गेल्या. स्त्रिया न्यायाधीश, पत्रकार, खासदार झाल्या. बालमृत्यू घटले. वृत्तपत्रे, वाहिन्या उभ्या राहिल्या. पण हे चित्र प्रामुख्याने शहरांचे होते. हेलमंद, कंदाहारसारख्या प्रांतांतील खेड्यांना युद्ध भेटले ते रात्रीच्या धाडी, चुकलेले हवाई हल्ले, रस्त्यात पेरलेले तालिबानी सुरुंग आणि लाचखोर अधिकारी यांच्या रूपाने. एकाच देशात एकाच युद्धाचे दोन अनुभव होते.

२२/
२ मे २०११ रोजी बिन लादेन पाकिस्तानातील अबोटाबाद येथे मारला गेला. ही घटना दोन्ही बाजू आपापल्या पारड्यात टाकतात. समर्थक म्हणतात, कमांडोंची हेलिकॉप्टरे अफगाणिस्तानातील जलालाबादहून उडाली. तळ नसता तर मोहीम अवघड झाली असती. विरोधक म्हणतात, तो सापडला हेरांच्या चिकाटीने आणि मारला गेला एका छोट्या तुकडीकडून, तोही मित्र म्हणवणाऱ्या देशात. लाखभर सैन्याचा त्याच्याशी काय संबंध? एक गोष्ट मात्र नक्की. त्या दिवशीही युद्ध संपले नाही. ते कशाने संपेल, हे कुठे लिहिलेलेच नव्हते.

२३/
डिसेंबर २०१९ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अमेरिकेच्या पुनर्रचनाविषयक महानिरीक्षक कार्यालयाने घेतलेल्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. आपण नेमके काय साधू पाहत आहोत हे आम्हालाच ठाऊक नव्हते, अशा अर्थाच्या कबुल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्यांत दिल्या होत्या. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिकेने तालिबानशी करार केला. अफगाण सरकार त्यात पक्षकार नव्हते. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले. २००१ मध्ये ज्यांच्याशी बोलायचे नव्हते, त्यांच्याशीच बोलून सैन्य परतले.

२४/
किंमत? २,४०० हून अधिक अमेरिकी सैनिक. ब्राउन विद्यापीठाच्या युद्धखर्चविषयक प्रकल्पाच्या अंदाजानुसार अफगाणिस्तानात थेट हिंसाचारात ४६ हजारांहून अधिक नागरिक मेले आणि त्याहून अधिक अफगाण सैनिक व पोलीस. केवळ पुनर्रचनेवर अमेरिकेने सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च केले. दुसरीकडे, या काळात अमेरिकेच्या भूमीवर ९/११ च्या तोडीचा दुसरा हल्ला झाला नाही, ही वस्तुस्थितीही नोंदवावी लागते. त्याचे श्रेय परदेशातील सैन्याला किती आणि विमानतळ, बँका, हेरयंत्रणा यांतील बदलांना किती, हे वेगळे करून दाखवता येत नाही.

२५/
३१ जुलै २०२२ रोजी बिन लादेनचा उत्तराधिकारी अयमन अल-जवाहिरी काबूलमधील एका घराच्या सज्जात ड्रोनहल्ल्यात मारला गेला. अफगाणिस्तानात तेव्हा अमेरिकी सैन्य नव्हते. यातून दोन अर्थ निघतात. अल-कायदाचा नेता पुन्हा तालिबानच्या राजधानीत राहत होता, म्हणजे आश्रयाचा प्रश्न वीस वर्षांनंतरही सुटला नव्हता. आणि त्याला गाठण्यासाठी देश ताब्यात असण्याची गरज पडली नाही. १९९८ ची क्षेपणास्त्रे चुकली होती. २०२२ चा नेम अचूक लागला, कारण दरम्यान माहिती मिळवण्याचे तंत्र बदलले होते.

२६/
हाच प्रश्न मुंबईपुढेही आला होता. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी शहर वेठीस धरले. १६६ जणांचे प्राण गेले. पाकिस्तानातील तळांवर प्रहार करावा, अशी मागणी जोरात होती. तत्कालीन परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनीही प्रथम दृश्य प्रत्युत्तराचा आग्रह धरला होता. सरकारने संयम निवडला. तो निर्णय योग्य होता, असे मेनन यांनी २०१६ मध्ये लिहिले. हल्ला केला असता तर जगाने त्याकडे आणखी एक भारत-पाक तंटा म्हणून पाहिले असते आणि पाकिस्तानी लष्कराभोवती देश एकवटला असता.

२७/
भारताच्या हाती एक गोष्ट होती. गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलून अजमल कसाबला सोडले नाही. जिवंत आरोपी म्हणजे जिवंत पुरावा. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात खटला चालला. उच्च व सर्वोच्च न्यायालयात अपिले झाली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. पण सूत्रधारांचे काय? पाकिस्तानातील अनेक जण दीर्घकाळ मोकळे राहिले. पुन्हा असा हल्ला झाला तर कोणत्याही सरकारला हाच संयम पाळणे जवळपास अशक्य होईल, असेही मेनन यांनी नमूद केले होते. २०१६, २०१९ आणि २०२५ मध्ये भारताने लष्करी उत्तर दिले.

२८/
मग अफगाणिस्तानातील हस्तक्षेप योग्य होता का? ऑक्टोबर २००१ मध्ये तळ मोडण्यासाठी केलेली कारवाई कॅरोलाइनच्या निकषाजवळ जाते. डिसेंबर २००१ मध्ये शरणागती नाकारून थांबणे त्यापासून दूर जाते. २००३ नंतर अनिश्चित काळ लढत राहणे त्या निकषात कुठेच बसत नाही. हे तीन वेगळे निर्णय होते. लष्करी उत्तराची परीक्षा पहिल्या बॉम्बच्या वेळी अर्धीच होते. उरलेली अर्धी परीक्षा म्हणजे उद्दिष्ट साध्य झाले, आता परत फिरा, असे म्हणण्याची जबाबदारी कोणावर आहे, हे आधी ठरलेले असणे.

२९/
त्या साठ शब्दांचा आधार पुढे यमन, सोमालिया, लिबिया आणि सीरियातील कारवायांसाठीही घेतला गेला. २००१ मध्ये 'इस्लामिक स्टेट' या नावाची संघटना अस्तित्वातही नव्हती, तरी तिच्याविरुद्धच्या युद्धाला तोच ठराव पुरला. मतदान करणारे कित्येक सदस्य दरम्यान निवृत्त झाले. त्या रात्री जन्मलेली मुले सैन्यात भरती होण्याच्या वयाची झाली आणि त्यांतील काही अफगाणिस्तानात गेलीही. बार्बरा ली २००२ मध्ये मोठ्या फरकाने पुन्हा निवडून आल्या आणि तो ठराव रद्द करण्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न करत राहिल्या. ३० ऑगस्ट २०२१ रोजी शेवटचे अमेरिकी लष्करी विमान काबूलहून उडाले, तेव्हाही तो ठराव लागूच होता.